बॉयलरचे स्फोट आणि बोल्टचे आटे : फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे कोणते म्हणणे जगाने ऐकले?

जुनी_पोथी
एकोणिसाव्या शतकातील विज्ञानसंस्थांचा विषय निघाला की आपली गाडी बहुधा लंडनला जाऊन थांबते. मला मात्र गेले काही महिने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने पछाडले आहे. सॅम्युएल व्हॉन मेरिक या तरुणाच्या गळ्यात आगीचे बंब बनवण्याचा कारखाना पडला होता, पण यंत्रविद्येची त्याला फारशी माहिती नव्हती. ती मिळावी म्हणून त्याने गावातील कारागिरांच्या एका मंडळात प्रवेश मागितला आणि मंडळाने तो नाकारला. तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रसायन आणि खनिजशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम कीटिंग यांना बरोबर घेऊन त्याने 1824 मध्ये स्वतःचीच संस्था काढली. कारागिरांसाठी व्याख्याने, यंत्ररेखाटनाचे वर्ग, देशी मालाची प्रदर्शने आणि 1826 पासून एक नियतकालिक, असा तिचा पसारा लवकरच वाढला.

मला या संस्थेच्या दोनच कामांविषयी विचारायचे आहे. पहिले काम बॉयलरच्या स्फोटांचे. फेब्रुवारी 1830 मध्ये मेम्फिस येथे ‘हेलन मॅकग्रेगर’ या आगबोटीचा बॉयलर फुटून पन्नासाच्या आसपास माणसे दगावली. त्याच वर्षी संस्थेने चौकशी समिती नेमली. अलेक्झांडर डॅलस बाख (बेंजामिन फ्रँकलिनचे पणतू) तिचे अध्यक्ष होते आणि केंद्रीय अर्थखात्याने प्रयोगांसाठी पैसे दिले. एखाद्या खाजगी संस्थेला संशोधनासाठी अमेरिकी सरकारने दिलेले ते पहिले अनुदान समजले जाते. 1836 मध्ये अहवाल आला आणि त्याला कायद्याचा तयार मसुदाही जोडलेला होता. तरीही दात असलेला कायदा व्हायला 1852 उजाडले.

दुसरे काम बोल्टच्या आट्यांचे. एप्रिल 1864 मध्ये विल्यम सेलर्स यांनी सगळीकडे एकाच मापाचे आटे असावेत यासाठी संस्थेपुढे निबंध वाचला, डिसेंबरमध्ये समितीने त्यांची पद्धत उचलून धरली, 1868 मध्ये अमेरिकी आरमाराने आणि 1869 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडने ती स्वीकारली. या कामी कोणताही कायदा करावा लागला नाही.

माणसे मरत होती त्या प्रश्नाला सोळा वर्षे लागावीत आणि नट-बोल्टचा प्रश्न चार-पाच वर्षांत मार्गी लागावा, याची संगती कशी लावायची?

तिरकसराव
बॉयलर फुटला की उतारू वर जातो, बोल्ट बसला नाही की मालकाचे काम अडते. यात न कळण्यासारखे काय आहे?

वाफेवरचा_इंजिनियर
तिरकसरावांच्या एका ओळीत बरेच तथ्य आहे, पण 1830 साली प्रश्न केवळ मालकांच्या हितसंबंधांचा नव्हता. बॉयलर का फुटतो याबद्दल शहाण्या माणसांतही गोंधळ होता, हे लक्षात घेतल्याशिवाय समितीच्या कामाचे मोल कळणार नाही. माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात गेली असल्यामुळे या अहवालाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडले की त्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि त्याचा भडका उडतो, असा तेव्हा एक लोकप्रिय समज होता. वाफेच्या यंत्रांवर काम करणारे अभियंते जेकब पर्किन्स यांचा तर्क वेगळा होता. त्यांच्या मते पाण्याची पातळी खाली गेली की वरची वाफ अतितप्त होते, आणि उसळलेले पाणी त्या वाफेत मिसळले की दाब क्षणात अनेक पटींनी वाढतो. समितीने हे तर्क वादविवादात न अडकवता भट्टीवर चढवले. तिने एक छोटा बॉयलर बनवला आणि आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसावे म्हणून त्याच्या टोकांना काचेच्या खिडक्या बसवल्या. अतितप्त वाफेत पाणी सोडल्यावर दाब वाढण्याऐवजी उतरतो, हे त्यात दिसून आले. लाल पत्र्यावर थेट पाणी सोडले तर मात्र दाब झपाट्याने चढतो, म्हणजे ते भय खरे होते. हायड्रोजनची कथा निकालात निघाली, कारण जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजनच आत नसतो.

त्याच खिडक्यांतून दिसलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्या काळी पाण्याची पातळी तपासण्यासाठी बॉयलरला वेगवेगळ्या उंचीवर तोट्या असत. तोटी उघडून पाणी आले तर पातळी तिथवर आहे आणि वाफ आली तर खाली आहे, असा हिशेब. प्रत्यक्षात तोटी उघडताच आतील पाणी फेसाळून वर चढत होते, त्यामुळे पातळी तोटीच्या खाली असतानाही तोंडातून पाणीच येत असे. बॉयलर कोरडा पडत चालला आहे आणि फायरमन निर्धास्त आहे, अशी ती स्थिती. समितीने काचनळीची शिफारस केली. आजही पाळीवर आलेला बॉयलर अटेंडंट सर्वांत आधी गेजग्लास, म्हणजे हीच काचनळी, ‘ब्लो’ करून (वाफ-पाणी सोडून) पाहतो, बाकीचे सगळे त्यानंतर.

मुक्काम_इचलकरंजी
इंजिनियरसाहेब, वितळणाऱ्या बुचांचे प्रयोगही त्याच समितीचे ना? त्याविषयीही लिहा.

वाफेवरचा_इंजिनियर
होय, त्याच समितीचे. शिसे, कथील आणि बिस्मथ यांच्या मिश्रधातूचे बूच बॉयलरच्या पत्र्यात बसवायचे. ठरावीक तापमानाला ते वितळते आणि वाफ बाहेर पडते. फ्रान्समध्ये अशा चकत्यांची सक्ती होती. समितीला आढळले की दाबाखाली असलेल्या मिश्रधातूतील लवकर वितळणारा भाग आधी पिळून बाहेर येतो आणि मागे राहिलेल्या भागाचा वितळणांक वाढलेला असतो. म्हणजे ज्या तापमानाच्या भरवशावर बूच बसवले, त्या तापमानाला ते वितळेलच याची खात्री नाही. यावर बाख यांनी मिश्रधातू नळीत बंद करून वापरण्याची युक्ती सुचवली.

पत्र्यांच्या बळकटीचा भाग वॉल्टर जॉन्सन यांनी सांभाळला आणि त्याचा अहवाल 1837 मध्ये निघाला. तांबे तापत जाईल तसे दुबळे होत जाते. लोखंड मात्र साधारण 550 अंश फॅरनहाइटपर्यंत उलट थोडे बळकट होते आणि त्यापुढे त्याचा जोर भराभर ओसरतो. आजच्या विद्यार्थ्याला हे कोष्टकात आयते मिळते. तेव्हा ते ओढून-तोडून पाहण्याचे यंत्रही स्वतःच उभारावे लागले होते.

कलमबहाद्दर
मी वकिली करते, त्यामुळे मूळ प्रश्नातील कायद्याच्या बाजूवर लिहिते. ‘दात असलेला कायदा’ हे जुनी_पोथी यांचे शब्द योग्य आहेत, कारण मधल्या काळात दात नसलेला एक कायदा येऊन गेला होता. एप्रिल 1838 मध्ये सिनसिनाटी येथे ‘मोझेल’ ही नवीकोरी आगबोट फुटली, शंभराहून अधिक माणसे मेली आणि जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला. त्यानुसार बॉयलरची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायची होती आणि तपासनीस जिल्हा न्यायाधीशांनी नेमायचे होते. परंतु तपासणी कशी करायची, किती दाबाला करायची, आणि ‘कुशल व अनुभवी’ इंजिनियर कोणाला म्हणायचे, याची व्याख्या कुठेच नव्हती. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या मसुद्यात हा तपशील होता. कायद्यात तो उतरला नाही.

त्या कायद्यात एक चांगले कलम होते. बॉयलर फुटला तर तो फुटणे हाच निष्काळजीपणाचा प्रथमदर्शनी पुरावा समजायचा, म्हणजे आपला दोष नाही हे दाखवण्याचे ओझे मालकावर आले. मात्र नुकसानभरपाईच्या भीतीने मालक आपोआप सुधारतील ही अपेक्षा फोल ठरली. 1852 च्या कायद्याने कामकाजाच्या दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला 110 पौंड ठरवली, त्याच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी सक्तीची केली, इंजिनियर आणि सुकाणूवाले यांना परवाने लावले आणि तपासनिसांची स्वतंत्र यंत्रणा उभारली.

यंत्रांच्या खाजगी मालकीत केंद्र सरकारने हात घालावा का, हाच तेव्हा मोठा वाद होता. नदीवरील आंतरराज्य वाहतूक काँग्रेसच्या अखत्यारीत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने गिबन्स विरुद्ध ऑग्डेन खटल्यात 1824 मध्येच, म्हणजे नेमके संस्थेच्या जन्मवर्षी, सांगितले होते. तो अधिकार सुरक्षिततेसाठी वापरण्याची सवय लागायला मात्र एक पिढी गेली.

तिरकसराव
आपल्याकडे ही सवय लागायला पिढी लागली नाही. 1863 मध्ये कलकत्त्याला बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने तपासणीचा कायदा केला. मतदार नसले म्हणजे सरकार किती कार्यक्षम होते पाहा.

कलमबहाद्दर
तिरकसराव, विनोद म्हणून ठीक आहे, पण तो कायदा कलकत्ता आणि परिसरापुरता होता. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले, त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता, आणि देशभर एकच कायदा लागू व्हायला 1923 साल लागले. तो कायदा शंभर वर्षांहून अधिक चालला आणि 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र देण्याची घाई नको.

लेथवाला
उद्यमनगरात आमचे वडिलोपार्जित मशीन शॉप आहे. बॉयलरबद्दल पुष्कळ झाले, आता आट्यांबद्दल लिहितो, कारण सेलर्स यांचे डोके किती व्यवहारी होते हे लेथवर उभे राहिल्याशिवाय पुरते समजत नाही.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे मानक मांडले होते. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंशांचा, आणि शेंडा व तळ दोन्ही गोलाई दिलेले. हा आटा मजबूत, दिसायला देखणा, पण ती गोलाई नेमकी साधणे हे पट्टीच्या कारागिराचे काम. सेलर्स यांनी कोन 60 अंशांचा घेतला आणि गोलाईच्या जागी शेंडा व तळ सपाट ठेवले. सपाटीची रुंदी पिचच्या, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतराच्या, एक-अष्टमांश. त्यांचा मुद्दा असा की व्हिटवर्थच्या आट्याला तीन तऱ्हेची हत्यारे आणि दोन तऱ्हेचे लेथ लागतात, माझ्या आट्याला एक हत्यार आणि एक लेथ पुरतो. 60 अंश म्हणजे समभुज त्रिकोण, त्यामुळे टूल घासल्यावर त्याचा कोन पडताळणे कोणालाही जमते. सामान्य कारागीर सामान्य दुकानात जे न चुकता करू शकेल तेच मानक, असा त्यामागचा विचार होता. नटाच्या मापालाही त्यांनी सूत्र दिले : बोल्टच्या व्यासाची दीडपट, अधिक एक-अष्टमांश इंच.

दोन्ही पद्धतींचे पिच बहुतेक मापांत सारखेच आहेत. पाव इंची बोल्टला दर इंचात 20 आटे, तीन-अष्टमांश इंचीला 16, एक इंचीला 8. फरक पडतो तो अर्धा इंची बोल्टला : व्हिटवर्थचे 12 आणि अमेरिकन 13. जुन्या इंग्रजी यंत्राच्या अर्धा इंची स्टडवर कोणी अमेरिकन नट चढवला तर तो दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग अडकतो. नवखा पोरगा पान्याला पाइप लावून जोर करतो आणि आटे खाऊन टाकतो. बाकीच्या मापांत नट चढतो खरा, पण कोन वेगळा असल्याने पूर्ण बाजू टेकत नाही, आणि थरथरणाऱ्या यंत्रावर तो केव्हा सैल होईल याचा नेम नसतो.

मुक्काम_इचलकरंजी
लेथवाले, आमच्या जुन्या मागांच्या खात्यात पान्यांचाही असाच घोळ असे. इंग्रजी पान्यावर अर्धा इंच लिहिलेले असले तर ते बोल्टच्या व्यासाचे माप, आणि अमेरिकी पान्यावर लिहिलेले असले तर ते पान्याच्या तोंडाचे माप. दोन्ही संच एका पेटीत ठेवणारा जॉबर (मागांची देखभाल करणारा मुकादम) रोज शिव्या खाई.

गिरणगावकर
थोडे वेगळे मत मांडतो. या धाग्यात संस्थेचे फार कौतुक चालले आहे. कारागिरांना विज्ञान शिकवण्यासाठी निघालेली ही संस्था काही वर्षांतच कारखानदार आणि प्राध्यापक यांच्या हातात गेली, हे कोणी लिहिलेले नाही. आट्यांचा निबंध वाचणारे सेलर्स स्वतः यंत्रहत्यारांचे मोठे कारखानदार होते आणि 1864 मध्ये तेच संस्थेचे अध्यक्षही होते. स्वतःची पद्धत, स्वतःची संस्था, आपल्याच परिचितांची समिती! ‘सामान्य कारागिराला जमेल असा आटा’ याचा दुसरा अर्थ असा की पट्टीच्या कारागिराची गरज उरत नाही आणि त्याला जास्त पगारही द्यावा लागत नाही. मिडव्हेल स्टील या सेलर्स यांच्याच कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांनी पुढे घड्याळ लावून कामगारांच्या हालचाली मोजल्या, आणि 1900 च्या सुमारास वेगवान कटाईच्या पोलादासाठी टेलर यांना पदक देणारी संस्थाही हीच. ही साखळी मला योगायोग वाटत नाही.

लेथवाला
गिरणगावकर, साखळी मान्य आहे, पण आटा त्या साखळीतली चुकीची कडी आहे. पट्टीचा कारागीर आटे पाडून मोठा होत नाही. तेच ते आटे दिवसभर हाताने जुळवत बसणे ही शिक्षा असते. मानक नव्हते तेव्हा प्रत्येक दुकानाचा बोल्ट वेगळा असे, आणि गिऱ्हाइकाला दुरुस्तीसाठी त्याच दुकानात परत यावे लागे. त्यात मालकाचाच फायदा होता.

गिरणगावकर
मग त्या फायद्यावर पाणी सोडायला मालक तयार कसे झाले? जुनी_पोथी यांचा प्रश्न तोच आहे.

जुनी_पोथी
गिरणगावकरांनी बरोबर जागी बोट ठेवले. माझ्या वाचनातून असे दिसते की सगळे मालक तयार झाले नव्हते. मोठी गिऱ्हाइके तयार झाली आणि बाकीच्यांना फरफटत जावे लागले. आरमाराची जहाजे अनेक बंदरांत दुरुस्त होत, रेल्वेचे डबे एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जात. ज्याला परक्या गावात नट बदलावा लागतो त्यालाच मानकाची खरी गरज असते. आरमार आणि पेनसिल्व्हेनिया रेलरोड यांनी आपल्या खरेदीत ही पद्धत मागितली, 1872 मध्ये रेल्वेडबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने ती घेतली, आणि मग लहान दुकानदाराने स्वतःचा आटा जपून करायचे काय?

सावनी_फिली
मी फिलाडेल्फियातच राहते. मुलांना घेऊन ज्या भव्य संग्रहालयात आम्ही जातो, जिथे चालत आत शिरता येईल असे मानवी हृदय आणि बाल्डविन कंपनीचे अवाढव्य रेल्वे इंजिन आहे, ती 1930 च्या दशकातील नवी वास्तू. संस्थेची मूळ इमारत गावाच्या जुन्या भागात, सातव्या रस्त्यावर आहे. संगमरवरी दर्शनी भागाची, खांबांची, आणि आजच्या मानाने लहानशीच. बॉयलर समितीच्या काळात संस्था तिथे होती.

थोडे अवांतर, पण मराठी वाचकांना आवडेल : याच संस्थेने 1884 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरवले. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना त्याच वर्षी स्थापन झाली, ती या प्रदर्शनाच्या निमित्ताने, आणि तिची पहिली तांत्रिक सभाही तिथेच झाली. त्या वेळी आनंदीबाई जोशी याच शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या.

एशियाटिकच्या_पायरीवर
सावनीताई, अवांतर नाही, छान जोड दिलीत. मलाही मुंबईची एक जोड द्यायची आहे. 1847 मध्ये मुंबईत टांकसाळ आणि गोदीतील काही तरुण यंत्रकामगारांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन स्थापन केली. ग्लासगो आणि लंडन येथील ज्या नमुन्यावरून फिलाडेल्फियाची संस्था निघाली, त्याच कुळातील ही. पुढे ससून घराण्याच्या देणगीतून काळा घोड्याजवळ तिची इमारत उभी राहिली आणि आज आपण तिला डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून ओळखतो. वरच्या मजल्यावरील आरामखुर्च्यांत पेपर वाचता वाचता डुलकी काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ही मंडळी मुळात यंत्रांचे नमुने पाहायला आणि व्याख्याने ऐकायला जमली होती?

दोन्ही संस्थांत फरक का पडला, याचे माझे उत्तर असे की फिलाडेल्फियात संस्थेला करायला कामे मिळाली. सरकारने बॉयलरचा प्रश्न तिच्याकडे दिला, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने 1837 मध्ये हवामानाच्या उपकरणांसाठी 4000 डॉलर दिले, कारखानदारांनी पाणचक्क्यांच्या प्रयोगांसाठी वर्गणी काढली. मुंबईत सरकारला प्रश्न पडला की उत्तर विलायतेहून येई. स्थानिक संस्थेला विचारण्याचे कारणच नव्हते.

गिरणगावकर
पाणचक्क्यांचा उल्लेख केलात ते बरे झाले, त्या प्रयोगांची या धाग्यात दखलच घेतली गेली नव्हती. बॉयलर समितीच्या आधीचे ते काम, आणि त्यातूनच संस्थेला समिती नेमून पद्धतशीर प्रयोग करण्याची सवय लागली. बाकी तुमच्या निदानाशी मी सहमत आहे.

वाफेवरचा_इंजिनियर
मूळ प्रश्नाकडे परत येतो. ‘बॉयलरला कायदा लागला, बोल्टला लागला नाही’ ही मांडणी 1852 पाशी थांबलो तरच खरी वाटते. तो कायदा उतारूंच्या आगबोटींपुरता होता. कारखान्यांतील बॉयलर त्यात नव्हते आणि ते फुटतच राहिले. कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे 1857 मध्ये काही तरुण तंत्रज्ञांनी पॉलिटेक्निक क्लब नावाचे मंडळ काढले होते. त्यांच्या गप्पांचा मुख्य विषय बॉयलर हाच. एप्रिल 1865 मध्ये मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ आगबोटीत हजाराहून अधिक माणसे मेल्यावर, 1866 मध्ये या मंडळींपैकी काहींनी बॉयलरची तपासणी करून विमा देणारी कंपनी सुरू केली. आता नीट तपासणी न करणाऱ्याच्या खिशाला थेट चाट बसू लागली, म्हणजे तिरकसरावांनी पहिल्याच प्रतिसादात दाखवलेली तिढ्याची गाठ इथे सैल झाली.

तिरकसराव
एवढ्या लांब धाग्यात माझ्या ओळीला गाठ म्हणणारे तुम्ही पहिलेच. पण विमा न काढणाऱ्यांचे काय?

वाफेवरचा_इंजिनियर
त्यांच्यासाठी पुन्हा एक दुर्घटना घडावी लागली. मार्च 1905 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून 58 माणसे गेली. त्या राज्याने 1907 मध्ये बॉयलरच्या बांधणीचे नियम केले, मग इतर राज्ये आपापले नियम करू लागली, आणि एका राज्यासाठी बांधलेला बॉयलर दुसऱ्या राज्यात विकता येईना. आता बॉयलर बनवणारेच एकसमान नियम मागू लागले, अगदी रेल्वेवाल्यांनी एकसमान आटे मागितले होते तसे. 1880 मध्ये स्थापन झालेल्या यंत्र अभियंत्यांच्या अमेरिकन संघटनेने समिती नेमून संहिता तयार केली. ती 1914 ची आवृत्ती म्हणून 1915 मध्ये छापली गेली आणि मग एकेका राज्याने ती कायद्यात घेतली. म्हणजे काम शेवटी संस्थेनेच केले, फक्त संस्था बदलली होती.

लेथवाला
आणि आट्यांचे भांडण कायद्याविना मिटले हेही अर्धेच खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन कारखाने एकाच लढाईसाठी माल बनवत होते आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नव्हता. नोव्हेंबर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला करार करून एकत्रित मानक ठरवले. कोन घेतला 60 अंशांचा, अर्धा इंची बोल्टला आटे घेतले 13. आज आपण वापरतो तो मेट्रिक आटाही 60 अंशांचाच आहे.

मुक्काम_इचलकरंजी
लेथवाले, मग जुन्या मागांसाठी अर्धा इंची व्हिटवर्थचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) अजून मिळतो का? आमच्याकडचा झिजला आहे.

लेथवाला
मिळतो. फक्त दुकानदाराला 12 आट्यांचा म्हणून स्पष्ट सांगा आणि तिथेच पिच गेज लावून बघा, नाहीतर तो 13 चा हातावर ठेवेल.